एकदा भरलेले शुल्क परत मिळणार नाही

शासकीय नोकरीतील माणसाचे अर्धे आयुष्य फॉर्म तयार करण्यात आणि उरलेले ते तपासण्यात जाते. फॉर्ममधील एका ओळीसाठी लोकांना किती हेलपाटे घालावे लागतात हे आम्ही रोज पाहतो. त्यामुळे कोणताही छापील कागद हाती आला की तो मागच्या पानापासून वाचण्याची मला सवय लागली आहे. अटी बहुधा मागच्या पानावरच असतात.

१८७२ सालचा आपला करार कायदा ज्या जगाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला, त्या जगात दोन माणसे समोरासमोर बसतात, एक काही देऊ करतो, दुसरा घासाघीस करतो, आणि दोघांचे एकमत झाले की करार होतो. आज सामान्य माणूस वर्षभरात जे करार करतो त्यांपैकी किती असे असतात? मोबाइलचे कार्ड, बँकेचे खाते, विम्याची पॉलिसी, मुलांची शिकवणी, घराचे आरक्षण, व्यायामशाळेचे सदस्यत्व : या सर्वांत करार एकाच बाजूने आधी लिहून, छापून ठेवलेला असतो. दुसऱ्या बाजूला सही करण्याचे किंवा न करण्याचे स्वातंत्र्य असते, एवढेच.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते एका व्यायामशाळेच्या फॉर्ममुळे. जानेवारी २०२३ मध्ये मी हैदराबादला होतो. घराजवळ वातानुकूलित जिम होती. महिन्याचे शुल्क तीन हजार रुपये आणि वर्षाचे एकदम भरल्यास चोवीस हजार. फॉर्मच्या मागे एकवीस अटी होत्या. नववी अट अशी : एकदा भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही आणि सदस्यत्व दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही. चौदावी अट अशी : व्यवस्थापन वेळापत्रक, सोयी, जागा यांत कधीही बदल करू शकेल आणि कारण न देता कोणाचेही सदस्यत्व रद्द करू शकेल. मी काउंटरवरील मुलाला म्हणालो, माझी नोकरी बदलीची आहे, नवव्या अटीत ‘बदली झाल्यास सोडून’ एवढे शब्द हाताने लिहून दोघे सही करू. तो नम्रपणे म्हणाला, “सर, फॉर्म सगळ्यांना एकच असतो. आम्हाला त्यात काही लिहिता येत नाही.” परिसरातील आणखी दोन जिमचे फॉर्म मी मागवून पाहिले. शब्द थोडे वेगळे, अट तीच. तेव्हा जी जवळ होती तीच घेतली.

नववी आणि चौदावी अट शेजारी शेजारी ठेवून वाचली की सगळा प्रकार स्पष्ट होतो. एका बाजूने कारण असले तरी सुटका नाही, दुसऱ्या बाजूला कारण देण्याचीही गरज नाही. कराराच्या अटी कडक असणे वेगळे आणि त्या एकाच बाजूला कडक असणे वेगळे.

मे महिन्याच्या अखेरीस गुवाहाटीला बदलीचा आदेश आला. मी जिमला लेखी अर्ज दिला. उत्तर तोंडी मिळाले. पॉलिसीत बसत नाही, सिस्टिम परतावा घेत नाही. हे शब्द ऐकताना मला आमच्या कार्यालयांची आठवण आल्यावाचून राहिली नाही. ‘नियमात बसत नाही’ या आमच्या वाक्याचेच हे खासगी रूप. पण दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. शासकीय नियम राजपत्रात असतो, त्यावर अपील असते, माहितीचा अधिकार असतो, आणि तो मनमानी असेल तर राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात जाता येते. जिमची पॉलिसी कोणी लिहिली, कधी लिहिली, ती बदलण्याचा अधिकार कोणाला, हे काउंटरवरील मुलालाही ठाऊक नसते. ज्याने अट लिहिली तो ग्राहकाच्या समोर कधीच येत नाही.

एका सहकाऱ्याने सरळ उपाय सुचवला. “कोण आहात ते सांगा. पोलिस ठाण्यातून एक फोन गेला की संध्याकाळपर्यंत पैसे घरी येतील.” तसे झालेही असते. पण अशा फोनने माझे पैसे परत आले असते आणि नववी अट जिथल्या तिथे राहिली असती. शिवाय त्या अटीत अडकलेला मी एकटा नव्हतो. त्याच जिममध्ये लातूरकडची एक तरुण परिचारिका येत असे. मराठी बोलणे कानावर पडल्याने ओळख झाली होती. तिने स्त्रियांच्या सकाळच्या तुकडीसाठी वर्षाचे अठरा हजार भरले होते, कारण रुग्णालयातील तिची पाळी दुपारी सुरू होई. दोन महिन्यांनी जिमने ती तुकडीच बंद केली आणि संध्याकाळी या म्हणून सांगितले. संध्याकाळी ती वॉर्डात असे. पैसे परत मागितल्यावर तिला नववी अट दाखवण्यात आली आणि तुकडी बंद केल्याबद्दल विचारल्यावर चौदावी. अठरा हजार रुपये म्हणजे तिचे दोन महिन्यांचे घरभाडे होते. तिच्याकडे फोन करायला कोणी नव्हते. अधिकाऱ्याने अधिकार वापरून स्वतःपुरता मार्ग काढला की ज्यांना अधिकार नाही त्यांचा मार्ग होता तेवढाच बिकट राहतो. म्हणून आम्ही दोघांनीही साध्या ग्राहकाला जो रस्ता उपलब्ध आहे त्यानेच जायचे ठरवले.

आधी जिमची बाजूही पाहू. जागेचे भाडे, यंत्रांचे हप्ते, प्रशिक्षकांचे पगार हे सभासद आला काय आणि न आला काय, द्यावेच लागतात. वर्षाचे शुल्क आगाऊ घेताना सवलत दिलेली असते. ती घेऊन कोणी मध्येच उठून गेला आणि उरलेले सगळे पैसे परत मागू लागला तर तेही न्याय्य नव्हे. पण या धंद्याचे गणित एवढेच नाही. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मॅलमेंडिअर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या ७,७५२ सदस्यांच्या नोंदी तपासून २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. दरमहा सत्तर डॉलरहून अधिक भरणारे लोक महिन्यातून सरासरी चारेक वेळाच येत होते, म्हणजे एका भेटीला त्यांना सतरा डॉलरहून अधिक पडत होते. तेथेच दहा डॉलरला एक भेट या दराने पासही मिळत होता. ‘आपण रोज जाऊ’ या माणसाच्या आशेवर हा व्यवसाय चालतो. आशा विकण्यात गैर काही नाही, पण ती मावळल्यावर किंवा परिस्थिती बदलल्यावर बाहेर पडण्याचे दारच बंद करणे गैर आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. ‘सही केली आहे ना, मग बोलणे खुंटले’ ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. ती खरी नाही. मद्रास उच्च न्यायालयापुढे १९६० च्या दशकात एक छोटेसे प्रकरण आले होते. एका ग्राहकाने नवी साडी लाँड्रीत दिली आणि ती तेथे हरवली. पावतीच्या मागे छापले होते की कपडा हरवल्यास बाजारभावाच्या काही अंशाइतकीच रक्कम मिळेल. अशी अट मान्य केली तर दुसऱ्याची नवी वस्तू बाजारभावाहून कमी किमतीत गिळंकृत करण्याची सोयच होईल, हे न्यायालयाने ओळखले आणि ती अट लोकनीतीविरुद्ध म्हणून निरर्थक ठरवली. १९८६ साली ब्रोजोनाथ गांगुली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व व्यापक केले : दोन पक्षांच्या ताकदीत मोठी तफावत असेल आणि दुबळ्याला ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर अन्याय्य अट करार कायद्याच्या २३व्या कलमाखाली रद्दबातल होऊ शकते. कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांच्या नोटिशीवर कारण न देता घरी पाठवण्याची ती अट लिहिणारी कंपनी सरकारी होती, हे आम्ही प्रशासनातल्यांनी विसरू नये.

विधी आयोगाने १९८४ साली आपल्या १०३व्या अहवालात आणि २००६ साली १९९व्या अहवालात अन्याय्य अटींबाबत स्वतंत्र तरतुदी सुचवल्या होत्या. पण कायद्याच्या पुस्तकात ‘अनुचित करार’ हे शब्द व्याख्येसह आले ते ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये. हा अधिनियम जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्याच्या दुसऱ्या कलमाच्या ४६व्या पोटकलमात अनुचित अटींचे सहा प्रकार सांगितले आहेत : अवाजवी मोठी अनामत मागणे, झालेल्या नुकसानीच्या मानाने अतोनात दंड लावणे, दंड भरूनही कर्जाची मुदतपूर्व फेड न स्वीकारणे, एका पक्षाला सबळ कारणाशिवाय करार संपवण्याचा अधिकार देणे, ग्राहकाच्या संमतीशिवाय त्याचे अहित होईल अशा रीतीने करार दुसऱ्याकडे सोपवणे, आणि ग्राहकाला तोट्यात टाकणारा कोणताही गैरवाजवी आकार, बंधन किंवा अट लादणे. चौदावी अट चौथ्या प्रकारात जवळजवळ शब्दशः बसते. नववी अट सहाव्यात. २०१९ मध्येच गुरुग्राममधील एका घराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशीच एकतर्फी अट फेटाळली. ग्राहकाचा हप्ता चुकला तर १८ टक्के व्याज आणि बिल्डरकडून उशीर झाला तर ९ टक्के, असा तो करार होता.

या माहितीच्या आधारे मी एक पानी पत्र लिहिले. त्यात रागाचा शब्द नव्हता, फक्त हिशेब होता. पाच महिने मी जिम वापरली. वार्षिक सवलतीवर माझा हक्क उरला नाही, हे मान्य करून महिन्याच्या पूर्ण दराने पाच महिन्यांचे पंधरा हजार होतात, ते कापून घ्यावेत. उरलेले नऊ हजार पंधरा दिवसांत परत करावेत. हा हिशेब मान्य नसेल तर माझ्या जाण्याने आपले प्रत्यक्ष किती नुकसान झाले ते लेखी कळवावे. करार कायद्याचे ७४वे कलम असे सांगते की करारात कितीही मोठी रक्कम लिहिलेली असो, तिच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते. पत्र ई-मेलने आणि स्पीड पोस्टने पाठवले.

परिचारिकेचे प्रकरण माझ्याहून भक्कम होते आणि तिचे पत्र वेगळे लिहावे लागले. मी स्वतः जिम सोडून चाललो होतो, तिच्या बाबतीत कबूल केलेली सेवाच जिमने बंद केली होती. ही सेवेतील त्रुटी. त्रुटीपूर्ण सेवेचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत न करणे ही त्याच अधिनियमाप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून तिने सवलत न सोडता दहा महिन्यांचे सरळ पंधरा हजार मागितले. ग्राहकाने तक्रार लिहिण्यापूर्वी स्वतःला हा प्रश्न विचारावा : करार मी मोडतो आहे की समोरच्याने मोडला आहे? मागणीची रक्कम या उत्तरावर ठरते.

माझ्या पत्राला उत्तर आले नाही. तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निवाडा देत नाही. ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. तरीही बऱ्याच कंपन्या या टप्प्यावर जाग्या होतात. आधी सदस्यत्व सहा महिने ‘गोठवून’ ठेवण्याचा प्रस्ताव आला. गुवाहाटीत राहणाऱ्याला हैदराबादेतील गोठवलेल्या सदस्यत्वाचा काय उपयोग? मग पाच हजार देऊ केले. शेवटी नऊ हजार मान्य झाले, पण सोबत सहीसाठी एक कागद आला. ही रक्कम केवळ सौजन्य म्हणून आणि अपवाद म्हणून देण्यात येत आहे, आणि सदस्य याविषयी कोणाशीही बोलणार नाही, असे त्यात होते. अन्याय्य अटीची तक्रार मिटवण्याच्या कागदातही एक नवी अन्याय्य अट! दुसरे वाक्य खोडून मी सही केली. पैसे आले.

परिचारिकेला मात्र जिल्हा आयोगाकडे जावे लागले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. तेव्हा त्यासाठी ई-दाखिल हे पोर्टल होते, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आहे. आयोगाची नोटीस गेल्यावर जिमने पंधरा हजार परत केले आणि तिने तक्रार मागे घेतली. पहिल्या पत्रापासून आठ महिने लागले. तेवढ्या काळात तिला दोनदा रजा काढावी लागली, तिचा हिशेब कोणी केला नाही.

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या वाचकांसाठी येथे एक तरतूद मुद्दाम सांगतो. १९८६ च्या जुन्या अधिनियमाखाली विक्रेता जेथे आहे किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले तेथेच तक्रार करता येत असे. बदली झालेला माणूस हैदराबादच्या नऊ हजारांसाठी गुवाहाटीहून तारखांना कसा जाणार? अशी अनेक येणी केवळ अंतरामुळे सोडून दिली गेली असतील. २०१९ च्या अधिनियमाने तक्रारदार जेथे राहतो किंवा स्वतः काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली, आणि अर्ज केल्यास दूरदृश्य प्रणालीने सुनावणीचीही. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. पावती, फॉर्मच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, आणि सोडत असल्याचे लेखी पत्र, एवढे सामान बदलीच्या ट्रंकेत असले की पुरे. आणि शुल्क खात्यातून आपोआप कापले जात असेल तर यूपीआय ऑटोपेची परवानगी आपल्याच ॲपमधून रद्द करता येते, त्यासाठी काउंटरवर विनवण्या करण्याची गरज नाही. ॲपवरून सदस्यत्व घेणे सोपे आणि सोडणे अवघड करून ठेवण्याच्या क्लृप्तीला तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘सबस्क्रिप्शनचा सापळा’ म्हणून नाव देऊन मनाई केली आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग कायदा चांगलाच झाला की! झाला आहे, पण त्यात एक मोठी फट आहे. अनुचित करार म्हणून एखादी अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार अधिनियमाने राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. जिल्हा आयोग सेवेतील त्रुटीसाठी पैसे परत करायला लावू शकतो, पण अटीला हात लावण्यासाठी ग्राहकाने राज्य आयोगापर्यंत जायला हवे. पंधरा हजार रुपयांसाठी ते कोण करील? परिणामी जो भांडतो त्याला अपवाद म्हणून पैसे मिळतात आणि अट तशीच राहते. मी आणि त्या परिचारिकेने मिळून चोवीस हजार रुपये परत मिळवले, पण नववी अट आम्हा दोघांना हलवता आली नाही. उद्या जो तेथे नाव नोंदवील त्याच्या हाती तोच फॉर्म पडेल. जिमच्या दृष्टीने हा तोट्याचा सौदा नाही. शंभरांत चार जणांना पैसे परत केले तरी शहाण्णव जण अट वाचून गप्प बसतात.

ही फट भरण्याचे एक साधन त्याच अधिनियमात आहे आणि ते आम्हा प्रशासकांच्या हाती आहे. सोळाव्या कलमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला ग्राहकांच्या एखाद्या समूहाच्या हक्कांचा भंग होत असल्यास किंवा अनुचित व्यापारी प्रथा चालू असल्यास तक्रारीवरून चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणाला अहवाल पाठवता येतो. जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर महसूल, निवडणुका, टंचाई, कायदा व सुव्यवस्था यांच्या फायलींचा डोंगर असतो हे मला माहीत आहे. पण या कामाला डोंगर उपसावा लागत नाही. दहा-वीस सभासदांनी मिळून एक तक्रार करावी. कार्यालयाने शहरातील वीस जिम आणि वीस शिकवणी वर्गांचे कोरे फॉर्म मागवावेत. त्या फॉर्ममधील परताव्याची आणि एकतर्फी बदलाची अट एका दुपारी वाचून होईल. जे आढळेल ते प्राधिकरणाला कळवावे.

दुसरे काम धोरणाचे आहे. शिकवणी वर्गांसाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्याने मध्येच वर्ग सोडला तर उरलेल्या काळाचे शुल्क त्या प्रमाणात दहा दिवसांत परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. हेच तत्त्व आगाऊ शुल्क घेणाऱ्या इतर सेवांना लावायला काय हरकत आहे? वापरलेल्या महिन्यांचे पूर्ण दराने पैसे कापा, उरलेले ठरावीक दिवसांत परत करा, आणि सेवा तुम्हीच बदललीत तर सवलतीसह परत करा. एवढ्या तीन ओळींचा नमुना फॉर्म प्रत्येक राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाला तयार करता येईल.

ग्राहक चळवळीचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा १९८६ चा अधिनियम यायला एक तप बाकी होते. कायदा नसताना लोक एकत्र येऊन दुकानदाराशी बोलत होते. आज परप्रांतातील मराठी मंडळांत गणेशोत्सव आणि दिवाळी पहाट उत्साहाने होते. त्याच मंडळांनी वर्षातून एक रविवार सभासदांचे असे फॉर्म गोळा करून वाचण्यास दिला, सारख्या अटी वेगळ्या काढल्या आणि दहा सह्यांचा एक अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला, तर एकट्या माणसाला राज्य आयोगापर्यंत जाऊन जे करावे लागते त्याची सुरुवात सर्वांना मिळून करता येईल. अर्ज आला की चौकशी करणे हे आमचे काम आहे, आणि ते आम्ही करतो की नाही हे विचारण्याचा हक्कही त्या दहा जणांना आहे.